शिबिराची परीक्षा जूनमध्ये

वार्षिक परीक्षा संपत आली, की निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी या भागांत उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती दिसू लागतात. पूर्वी त्या विजेच्या खांबांवर आणि किराणा दुकानांच्या दारांवर असत, आता पालकांच्या मोबाइलवरही येतात. दहा दिवसांत पन्नास प्रयोग, स्वतःचा यंत्रमानव बनवा, ज्वालामुखी, रॉकेट, लिंबापासून वीज. शेवटच्या दिवशी पालकांसाठी प्रदर्शन, प्रमाणपत्र आणि अल्पोपाहार. जाहिरात कोणत्याही संस्थेची असली तरी यादी साधारण हीच असते.

आपल्यापैकी अनेक शिक्षक अशा शिबिरांत शिकवतात. काही जण संचालक म्हणून ती चालवतात. नाटकाचे परीक्षण होते, पाठ्यपुस्तकाचे होते, क्रिकेटच्या सामन्याचे तर सगळेच करतात. शिबिराचे मात्र कोणी करत नाही. शेवटच्या दिवशी टाळ्या वाजल्या आणि जमाखर्च जुळला, की शिबिर यशस्वी झाले असे आपण म्हणतो. या लेखात शिबिर नावाच्या या प्रकाराचे थोडे कठोर परीक्षण करायचे आहे. त्याची सुरुवात मी स्वतःपासून करते.

लिंबातली वीज

काही वर्षांपूर्वी याच औद्योगिक पट्ट्यातल्या एका शाळेत मी दहा दिवसांचे विज्ञान शिबिर चालवले. मुले भरपूर आली. रोज चार-पाच प्रयोग झाले. समारोपाला सभागृह भरले, पालक खूश झाले, मीही खूश झाले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शिबिरातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. प्रदर्शनात त्याने लिंबांवर छोटा एलईडी दिवा लावून दाखवला होता. मी सहज विचारले, “दिवा कशामुळे लागला रे?” तो म्हणाला, “बाई, लिंबात वीज असते ना, ती तारेतून येते.”

चूक त्याची नव्हती. लिंबात आपण जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची तार खोचतो. जस्त हळूहळू विरघळते, त्याच्याकडून सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून तांब्याकडे जातात, आणि लिंबाचा आम्ल रस आतल्या बाजूने हे मंडल पूर्ण करतो. ऊर्जा येते ती मुख्यतः जस्ताच्या रासायनिक क्रियेतून. लिंबाच्या जागी बटाटा किंवा मिठाचे पाणी घेतले तरी हे चालते. उलट लिंबू तेच ठेवून दोन्हीकडे तांब्याच्याच तारा खोचल्या, तर दिवा लागत नाही. म्हणजे आणखी दोन प्रयोग केले असते, तर त्या मुलाला उत्तर स्वतःच सापडले असते. एका लिंबाने दिवा का लागत नाही, तीन-चार लिंबे एकापुढे एक का जोडावी लागतात, हा तिसरा प्रश्नही आपोआप आला असता. एका लिंबातून मिळणारा दाब एक व्होल्टपेक्षा थोडा कमी असतो आणि लाल एलईडीला पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, हे मुलांना मीटर लावून मोजता आले असते.

हे दोन प्रयोग आम्ही केले नाहीत, कारण टेबलावर पुढचा प्रयोग तयार होता. माझ्या शिबिराचा खरा दोष हा होता. ‘पन्नास प्रयोग’ असे छापले, की दुसऱ्या प्रश्नाला वेळ उरत नाही. आणि विज्ञान सुरू होते ते बहुधा दुसऱ्या प्रश्नापासून.

ज्वालामुखीचेही तसेच. मातीच्या शंकूत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घातले, की कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो. ही आम्ल आणि आम्लारी यांची क्रिया झाली. खऱ्या ज्वालामुखीशी तिचा संबंध नाही. तिथे शिलारसात विरघळलेले वायू दाब कमी होताच बाहेर पडतात. सोडावॉटरची बाटली उघडणे हा त्याचा अधिक जवळचा नमुना आहे. गंमत अशी, की आपण ज्या जमिनीवर हा मातीचा शंकू ठेवतो, ती जमीनच लाव्हाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहिला, त्याच्या थरांवर थर साचले आणि त्यातून दख्खनचा काळा कातळ बनला. घोरावडेश्वरची लेणी याच कातळात कोरलेली आहेत. देहूरोडपासून ती जवळच आहेत. खरा लाव्हा पायाखाली असताना मुलांना खोटा ज्वालामुखी दाखवणारे शिबिर पुण्यात चालेल, नागपुरात चालेल, कुठेही चालेल. कुठेही चालणारे शिबिर बहुधा कुठलेच नसते.

शिबिर कुणासाठी?

शिबिर चालवताना आपले गाव कोणते आहे, हे संचालकाने आधी पाहायला हवे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आणि टेल्कोचा कारखाना आला. त्यानंतर दुचाकी, सुटे भाग, यंत्रे, औषधे असे एकेक उद्योग वाढत गेले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे हा पट्टा चाकण, महाळुंगे, निघोजेपर्यंत पसरला. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सोलापूर, उत्तर प्रदेश, बिहार अशा सगळीकडून माणसे इथे कामाला आली.

याचा शिबिरावर थेट परिणाम होतो. मे महिन्यात इथली निम्मी वस्ती गावाला जाते. मूल आठवडाभर शिबिराला येते आणि एक दिवस अचानक दिसेनासे होते, कारण वडिलांना रजा मिळालेली असते. जी मुले मागे राहतात, त्यांतल्या पुष्कळांचे आईवडील पाळीवर जातात. मूल दिवसभर पत्र्याच्या खोलीत एकटे असते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळत असते. शिबिराची सर्वांत जास्त गरज असते ती या मुलांना, आणि शुल्क भरणेही सर्वांत अवघड असते ते यांनाच. आपली बहुतेक शिबिरे मात्र तिसऱ्याच गटासाठी आखलेली असतात. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, ज्यांना आणायला-सोडायला माणूस आहे, अशा मुलांसाठी. संचालक म्हणतो, “काय करणार? खर्च निघायला हवा.” खर्च निघायलाच हवा. पण खर्च कशावर होतो, हेही पाहायला हवे. त्याकडे पुढे येऊ. आधी दोन नमुने पाहू. दोन्हींचा आपल्या पट्ट्याशी संबंध आहे.

आयुकातला एक आठवडा

पहिला नमुना आपल्या शेजारचाच, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयुका’चा. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) संचालक असताना या संस्थेने १९९३ पासून शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू केला. शाळांनी सुचवलेली आठवी-नववीची मुले सोमवारी यायची आणि शुक्रवारपर्यंत राहायची. चार-सहा मुलांचा एकेक गट एका शास्त्रज्ञाबरोबर काम करायचा. पुढच्या सोमवारी नवी तुकडी यायची. ठरलेला अभ्यासक्रम नव्हता. मुलांनी प्रश्न विचारावेत, ग्रंथालयात शोधावे, काही मोजावे, काही बनवावे आणि शेवटी केलेले काम लिहून द्यावे, एवढीच अपेक्षा होती. पुढे २००४ मध्ये तिथे ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून झालेल्या तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’ आहे.

या आखणीत संचालकाने शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली, गट लहान. दुसरी, आठवडाभर एकच विषय, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला जागा. तिसरी, शेवट लेखनाने. प्रदर्शनात मूल ठरलेले वाक्य पाठ म्हणते. लिहायला बसले, की आपल्याला काय समजले नाही हे त्याला कळते. हा उपक्रम वर्षानुवर्षे चालला, याचे कारणही आखणीतच आहे. त्यासाठी वेगळे सभागृह किंवा महागडे साहित्य लागत नव्हते. जी माणसे तिथे एरवी संशोधन करतात, त्यांनी वर्षातले काही दिवस मुलांना दिले, की शिबिर उभे राहत होते. संस्थेकडे जे मुबलक आहे, त्यावर शिबिर उभारावे, हा टिकाऊपणाचा पहिला नियम इथे दिसतो.

या नमुन्याची मर्यादाही सांगायला हवी. शाळेने मुले सुचवायची म्हटले, की शाळा बहुधा हुशार म्हणून आधीच ओळखलेली मुले सुचवते. शेवटच्या बाकावर बसून पंखा कसा फिरतो याचा विचार करणारे मूल यादीत येत नाही. आणि शुक्रवारी मूल घरी गेले, की त्याच्या शाळेत काही बदलत नाही. शिबिर एका मुलाचे आयुष्य बदलू शकते, पण त्याचा वर्ग होता तिथेच राहतो.

ट्रक बनवणारा अभियंता

दुसरा नमुना याच उणिवेला भिडलेला आहे. तो घडला मध्य प्रदेशात, पण त्याचा एक धागा पिंपरीत आहे. आयआयटी कानपूरमधून १९७५ मध्ये बाहेर पडलेले अरविंद गुप्ता टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पुणे कारखान्यात नोकरीला लागले. १९७८ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि ते होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे गावातल्या आठवडे बाजारात मिळणाऱ्या वस्तूंकडे त्यांचे लक्ष गेले. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांपासून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती जोडल्या. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र कलतो, हे मुलाला हाताने कळते. पुलाच्या कैच्या आणि कारखान्यांच्या छपरांचे सांगाडे त्रिकोणांचे का असतात, तेही मग कळते. त्यांचे आगपेटीच्या काड्यांवरचे पुस्तक १९८७ मध्ये आले. पुढे ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी तो उभारला, आणि १९७८ पासून तो सबंध जिल्ह्यात गेला. १९८२ पासून ‘एकलव्य’ने त्याची धुरा घेतली. इथे उन्हाळ्याच्या सुट्टीतली शिबिरे मुख्यतः शिक्षकांची असत, आणि तीही तीन-तीन आठवड्यांची. मुले जे प्रयोग पुढे वर्षभर करणार, ते शिक्षक आधी स्वतः करत, चुकत, भांडत. वर्ष सुरू झाले, की दरमहा शिक्षकांची बैठक होई. शाळेला साहित्याची पेटी मिळे. मुले आपल्या शंका ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्राने कळवत आणि त्या पत्रांना उत्तरे जात. परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी होती आणि प्रयोगही करावे लागत.

म्हणजे शिबिर हे एका साखळीची पहिली कडी होते. शिबिर, पेटी, मासिक बैठक, पत्र, परीक्षा. आपण शिबिर तेवढे उचलले आणि साखळी तिथेच ठेवली.

या कार्यक्रमाचा शेवटही लपवू नये. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका निर्णयाने थांबली. यावरून ‘शेवटी काही टिकत नाही’ असा सोपा निष्कर्ष काढता येतो. मी वेगळा काढते. जे सरकारी आदेशावर उभे होते, ते आदेशाने गेले. शिक्षकांच्या हातात गेलेली कौशल्ये, छापलेली पुस्तके, काड्या आणि नळ्या राहिल्या. टिकाऊ शिबिराची आखणी करताना उद्या पैसा, परवानगी आणि मी स्वतः, हे तिन्ही नसलो तर काय उरेल, हा प्रश्न आधीच विचारायला हवा.

शाळा बंद असते तो दिवस

आता आपल्या पट्ट्याला शोभेल असे शिबिर कसे असू शकते, याचा एक नमुना मांडते. तो स्वस्त आहे, पाच दिवसांचा आहे आणि एकाच प्रश्नाचा आहे.

पिंपरी-चिंचवडचे अक्षांश सुमारे १८.६ अंश उत्तर. मे महिन्यात १३-१४ तारखेच्या सुमारास भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसरा येतो जुलैच्या शेवटी, पण तेव्हा आभाळ पावसाळी असते. म्हणजे सावली शिकवायला वर्षातला जो सर्वांत चांगला दिवस, त्या दिवशी शाळा बंद असते. उन्हाळी शिबिराला यापेक्षा चांगले निमित्त काय हवे?

नुसती ‘सावली गेली’ म्हणून टाळ्या वाजवायच्या असतील, तर तोही ज्वालामुखीच होईल. म्हणून मोजायचे. जमिनीपासून बरोबर एक मीटर उंचीवर मोठा पुठ्ठा आडवा, पातळीत ठेवा. त्याला दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडा. छिद्रातून ओळंबा सोडून जमिनीवरच्या कागदावर त्याच्या खालचा बिंदू नोंदवा. पुठ्ठ्याच्या सावलीत सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा प्रकाशाचा गोल दिसेल. ती सूर्याची प्रतिमा आहे. काठीच्या सावलीची कड नेहमी धूसर येते, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. गोलाचा मध्य मात्र नीट ठरवता येतो.

इथे स्थानिक मध्यान्ह बारा वाजता येत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण ७३.८ अंशांवर, त्यामुळे मेच्या मध्यावर मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. सव्वाबारा ते पाऊण दर मिनिटाला गोलाच्या मध्यावर खूण करा. गोल ओळंब्याच्या बिंदूपासून सर्वांत जवळ येतो, ते मध्यान्ह. सोमवारी तो बिंदूच्या उत्तरेला असेल, नंतर रोज सुमारे चार मिलिमीटर दक्षिणेकडे सरकेल, बुधवारी बिंदूवर येईल आणि शुक्रवारी दक्षिणेला गेलेला असेल. अर्थात शिबिराचा बुधवार शून्य सावलीच्या दिवशी येईल, असा आठवडा निवडायचा. पृथ्वीच्या परिवलनामुळे हाच गोल एका मिनिटात पूर्वेकडे जवळजवळ तेवढाच सरकतो. एका कागदावर दिवस आणि वर्ष दोन्ही चालताना दिसतात. आभाळ भरले, तर त्या रकान्यात ‘ढगाळ’ असे लिहायचे. न झालेली नोंदही नोंदच असते.

आता गावाला जाणाऱ्या मुलांचे काय? ती शिबिर सोडून गेली, असे आपण समजत होतो. त्यांना एक छिद्र पाडलेला पुठ्ठा, एक मीटर दोरी, एक खडा आणि एक छापलेला कागद देऊन पाठवा. ज्या दिवशी पिंपरीत गोल बिंदूवर येतो, त्याच दिवशी जळगावला तो सुमारे ४२ मिलिमीटर उत्तरेला असेल. सोलापूरला सुमारे १७ मिलिमीटर दक्षिणेला. गोरखपूरला सुमारे १४ सेंटिमीटर उत्तरेला, कारण ते कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे आणि तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. गावागणिक मध्यान्हीचे घड्याळ बदलते. गोरखपूरला ते बाराच्या आधीच येते, म्हणून तिथे साडेअकरापासूनच खुणा करायच्या. अंतर सर्वांत कमी असते ती खूण घ्यायची, हा नियम मात्र सगळीकडे तोच.

जूनमध्ये हे कागद वर्गात एकत्र येतात. जळगावचे ४२ मिलिमीटर म्हणजे २.४ अंशांचा कोन. नकाशावर पिंपरी आणि जळगाव यांचे दक्षिणोत्तर अंतर सुमारे २६५ किलोमीटर. ३६० अंशांत २.४ अंश दीडशे वेळा बसतात. २६५ गुणिले १५० म्हणजे ३९,७५० किलोमीटर. हा पृथ्वीचा परीघ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने अलेक्झांड्रिया आणि सायीनी या दोन गावांच्या सावल्यांवरून हेच केले होते. इथे ते चिखलीत भाड्याने राहणाऱ्या आणि सुट्टीत आजोळी गेलेल्या मुलीने केले. तिच्या मोजणीत दोन मिलिमीटर चूक असेल, तर उत्तरात दोन हजार किलोमीटर इकडेतिकडे होतील. तेही तिनेच काढावे. चूक किती असू शकते हे सांगता येणे, हाच मोजमापाचा गाभा.

या आखणीत गावाला जाणारे मूल शिबिराचा तोटा ठरत नाही. त्याच्यावाचून प्रयोग पुराच होत नाही.

मोजणारी माणसे

आयुकाकडे शास्त्रज्ञ मुबलक होते. आपल्या पट्ट्याकडे काय मुबलक आहे? मोजणारी माणसे. इथल्या वसाहतींत घराघरांत कोणीतरी व्हर्निअर कॅलिपर आणि मायक्रोमीटर हाताळतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने माप चुकले, तर भाग नाकारला जातो, हे त्याला रोज सोसावे लागते. आणि त्याचा मुलगा वर्गात ‘लघुत्तम माप’ ही व्याख्या म्हणून पाठ करत असतो.

कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यामुळे शिबिरांना टोप्या, टी-शर्ट आणि फलक मिळू लागले. संचालकाने टोप्यांऐवजी टूलरूममधल्या एका कामगाराची दोन तासांची रजा मागावी. त्याने एक केस, एक कागद आणि एक पत्रा मुलांसमोर मोजावा, मुलांकडून मोजून घ्यावा. तीन मुलांची तीन मापे वेगळी आली, तर खरे कोणते, हा प्रश्न त्याच्यासमोर येऊ द्यावा. उत्तर त्याला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. शिवाय वडिलांच्या हातातले ज्ञान हे विज्ञान आहे, हे मुलाला त्या दिवशी कळते. ही गोष्ट कोणत्याही विकतच्या संचात मिळत नाही. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ २०१३ मध्ये सायन्स पार्क सुरू झाले. तिथल्या सहलीआधी मुलांनी असे काही मोजलेले असेल, तर तिथली प्रतिकृती त्यांना खेळणे न वाटता प्रश्न वाटेल.

संचालकाची वही

राहता राहिला व्यवहार. खर्चाचे तीन भाग करावेत. दरवर्षी संपणारा: कागद, पाणी, खाऊ. टिकणारा: ओळंबे, मोजपट्ट्या, मीटर, पत्र्याची पेटी. आणि दिखाऊ: मंडप, फलक, स्मृतिचिन्हे. तिसरा भाग काढला, की शुल्क किती उतरते ते पाहावे. मग शुल्क न देणाऱ्या मुलांसाठी जागा निघते.

वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा. मेमध्ये पारा चाळीसच्या आसपास जातो, म्हणून दुपारच्या नोंदीला आळीपाळीने तीन-चार मुले पुरेत. टोपी, पाणी, जवळ सावली आणि सोबत एक मोठे माणूस हवेच. सूर्याकडे पाहायचे नाही, कागदाकडे पाहायचे, हे रोज सांगायचे. मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसेल, तर शिबिर तिथे घेऊ नये. दहा मुलांमागे एक मार्गदर्शक असावा, आणि त्यांतला एक तरी मागच्या वर्षीचा शिबिरार्थी असावा. धाकट्या भावंडाला घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवू नये. त्या भावंडाला दोरी धरायला द्यावी.

आणि एक वही असावी. तिच्यात यशाचे वर्णन नको, फसलेल्या गोष्टी हव्यात. पुठ्ठा वाऱ्याने हलला, ओळंबा हलका पडला, बुधवारी ढग आले. ही वही वाचून दुसरा शिक्षक तेच शिबिर चालवू शकला, तर ते टिकाऊ झाले. संचालक आजारी पडला आणि शिबिरच रद्द झाले, तर ते त्याचे एकट्याचे होते.

या कसोटीवर एक आक्षेप येईल. सुट्टी मुलांची आहे, तिथेही मोजमाप आणि हिशेब कशाला? आनंदाला काही किंमत नाही का? आहे. ज्या दहा दिवसांत मुलांना मोकळे वाटले, ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. सगळे काही जूनमध्ये दिसतेच असेही नाही. काही बिया उशिरा रुजतात. पण मी चालवलेल्या शिबिरात आनंद होता आणि लिंबात वीजही होती. त्या मुलाला दुसरा प्रश्न विचारायला वेळ दिला असता, तर त्याचा आनंद कमी झाला नसता. स्वतः शोधून काढलेल्या उत्तराचा आनंद त्याला मिळाला नाही, आणि तो मी हिरावला, हे मला आजही टोचते.

येत्या मेमध्ये शिबिर घेणार असाल, तर जाहिरात छापण्याआधी कॅलेंडरवर एक खूण मेच्या मध्यावर करा आणि दुसरी जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवसावर. त्या दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्यावर मुलांना ‘शिबिर आवडले का’ असे विचारू नका. ‘कागद आणलास का’ असे विचारा. दहा जणांनी आणला, तरी शिबिर उत्तीर्ण.